एचपीव्ही लस: चिठ्ठीवर लिहून विचारलेले प्रश्न

बायकांच्या बैठकांमध्ये मी या लसीबद्दल बोलते. शेवटी "काही विचारायचंय का?" म्हटलं की सगळ्या खाली बघतात. म्हणून आता कोऱ्या चिठ्ठ्या आणि एक डबा सोबत नेते. नाव लिहायचं नाही, नुसती घडी घालून टाकायची. डबा दर वेळी भरतो. पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत आणि भाषा शक्यतो त्या बायकांचीच ठेवली आहे. तेच तेच दोनदा सांगावं लागू नये म्हणून प्रश्नांना आकडे दिले आहेत.

१. एचपीव्ही म्हणजे एचआयव्हीच ना?

नाही. नावं कानाला सारखी लागतात, एवढंच. एचपीव्ही म्हणजे ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस. याचे दोनशेहून जास्त प्रकार आहेत. हातापायांवर उठणारी साधी चामखीळही त्यांतल्याच काहींमुळे येते. साधारण डझनभर प्रकार मात्र धोक्याचे. ते गर्भाशयमुखात, म्हणजे पिशवीच्या तोंडाशी, वर्षानुवर्षं ठाण मांडून बसले तर तिथे कॅन्सर होऊ शकतो. त्यांत १६ आणि १८ हे दोन क्रमांक सर्वांत घातक आहेत. या कॅन्सरपैकी सुमारे ७० टक्के त्या दोघांमुळे होतात.

शरीरसंबंध आलेल्या बहुतेक सगळ्यांना आयुष्यात कधी ना कधी एचपीव्ही होऊन जातो. दहापैकी नऊ जणींचं शरीर दोन वर्षांच्या आत त्याला स्वतःच हुसकावून लावतं. दहावीच्या बाबतीतही घाबरून जायचं कारण नाही, कारण लागणीपासून कॅन्सरपर्यंत सहसा १५ ते २० वर्षं जातात. या अवधीत अडवता येतं: आधी लशीने, नंतर तपासणीने.

२. इतका सर्रास असेल तर मला आजवर कुणी सांगितलं कसं नाही?

हा राग रास्त आहे. एक कारण असं की हा विषाणू गुपचूप राहतो. ना ताप, ना दुखणं. ज्याचा त्रासच नाही त्याचा विषय दवाखान्यात निघत नाही.

दुसरं, हे ज्ञानच फार जुनं नाही. या कॅन्सरमागे हर्पिसचा विषाणू असावा असा पूर्वी संशय होता. हॅराल्ड त्सूर हाउझेन या जर्मन शास्त्रज्ञाच्या गटाला १९८३ मध्ये कॅन्सरच्या ऊतीत १६ क्रमांकाचा एचपीव्ही सापडला आणि पुढच्या वर्षी १८ क्रमांकाचा. त्यांना २००८ मध्ये नोबेल मिळालं. पहिल्या लशीला मान्यता मिळाली ती २००६ मध्ये. आज पन्नाशीत असलेल्या बाईच्या मुलीपणी ही लस नव्हतीच, मग तिची आई तिला काय सांगणार होती?

तिसरं कारण बैठकीत रोज दिसतं. स्तनातल्या गाठीबद्दल बायका आता मोकळेपणी बोलतात, पण पिशवीच्या तोंडाचं नाव निघालं की आवाज खाली येतो. २०२२ या एका वर्षात जगात सुमारे ६ लाख ६० हजार जणींना हा कॅन्सर झाला आणि साधारण साडेतीन लाख जणी दगावल्या. एवढ्या मोठ्या गोष्टीबद्दल एवढं हळू बोलणं मला पटत नाही.

३. लशीत विषाणूच टोचतात का? त्यातूनच रोग झाला तर?

होणार नाही, कारण तिच्यात विषाणू नसतो. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठात इयन फ्रेझर आणि जियान झोऊ यांनी १९९१ मध्ये एक युक्ती साधली. विषाणूच्या बाहेरच्या कवचाचं प्रथिन प्रयोगशाळेत तयार केलं, तर त्याचे तुकडे आपोआप जुळून हुबेहूब विषाणूसारखे गोळे बनतात. आत मात्र पोकळ. टरफल आहे, दाणा नाही. शरीर ते टरफल ओळखून घेतं आणि पुढे खरा विषाणू आला की त्याला दारातच अडवतं.

दोन, चार आणि नऊ प्रकारांवर चालणाऱ्या अशा लशी आहेत. १६ आणि १८ सगळ्यांत आहेत. चारच्या लशीत ६ आणि ११ हे गुप्तांगावर चामखिळी आणणारे प्रकारही असतात. नऊच्या लशीत आणखी पाच घातक प्रकार येतात. "सगळ्यात भारी कुठली?" असं विचारत थांबू नका. जी मिळते ती वेळेवर घेणं जास्त मोलाचं.

४. कितव्या वर्षी द्यायची? नऊ वर्षांची म्हणजे पोरच की!

पोर आहे म्हणूनच. मुख्य वय ९ ते १४. त्याला दोन कारणं आहेत. लस आधीपासून शरीरात असलेल्या विषाणूला काढत नाही, त्यामुळे त्याची गाठ पडण्याआधी ती दिलेली बरी. शिवाय या वयात शरीर लशीला फार जोरकस प्रतिसाद देतं.

स्वीडनमध्ये सोळा लाखांहून जास्त मुली-बायकांच्या नोंदी तपासल्या गेल्या. २०२० मध्ये निकाल आला: सतराव्या वर्षाआधी लस घेतलेल्यांत हा कॅन्सर ८८ टक्क्यांनी कमी, १७ ते ३० या वयात घेतलेल्यांत ५३ टक्क्यांनी. स्कॉटलंडचा २०२४ चा अहवाल त्याहून बोलका आहे. बाराव्या-तेराव्या वर्षी सगळे डोस झालेल्या मुली मोठ्या झाल्यावर त्यांच्यात गर्भाशयमुखाचा कॅन्सर एकीलाही आढळला नाही.

५. एवढ्या लहान मुलीला ही लस म्हणजे तिला मोकळीक दिल्यासारखं नाही का?

डब्यात सर्वांत जास्त चिठ्ठ्या याच प्रश्नाच्या असतात, आणि अक्षर बहुतेक वेळा घाईत लिहिल्यासारखं. त्यामुळे जरा सविस्तर सांगते.

धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलं म्हणून कुणी मुद्दाम गंजक्या खिळ्यावर पाय देत नाही. अनेक देशांत लस घेतलेल्या आणि न घेतलेल्या मुलींची तुलना झाली आहे. पहिला संबंध कोणत्या वयात आला, नको असलेली गर्भधारणा झाली का, इतर गुप्तरोग झाले का, हे सगळं तपासलं गेलं. लशीमुळे मुलींचं वागणं बदललं असं दिसलं नाही.

पण खरं सांगू? हा प्रश्न विचारणाऱ्या आयांना मुलीची काळजी कमी आणि लोक काय म्हणतील याची जास्त असते. त्यांची चूक नाही. या लशीची ओळखच चुकीच्या बाजूने करून दिली जाते. कावीळ 'ब'ची लस तान्ह्या बाळाला टोचतात. तो विषाणूही शरीरसंबंधातून पसरतो, तरी त्या बाळाच्या चारित्र्याची चर्चा होत नाही.

एकदा एका चिठ्ठीत एवढंच होतं: "मुलीला काय सांगून नेऊ?" नऊ-दहा वर्षांच्या मुलीला "मोठेपणी एक कॅन्सर होऊ नये म्हणून सुई आहे" एवढं पुरतं. ती "दुखेल का?" विचारेल. "थोडं दुखेल" म्हणायचं. बाकीचं तिच्या वयाप्रमाणे सावकाश सांगता येतं.

६. कुणी एक डोस म्हणतं, कुणी दोन, कुणी तीन. खरं काय?

वेळोवेळी तिन्ही खरं होतं. सुरुवातीला तीन डोस होते, मग लहान मुलींना दोन पुरतात असं दिसलं. जागतिक आरोग्य संघटनेचं डिसेंबर २०२२ पासूनचं म्हणणं असं: ९ ते २० वयात एक किंवा दोन डोस, २१ च्या पुढे सहा महिन्यांच्या अंतराने दोन. प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांचं वेगळं आहे, ते प्रश्न १४ मध्ये. आपापल्या देशाचं वेळापत्रक यापेक्षा थोडं निराळं असू शकतं, तेव्हा लस देणाऱ्यांना विचारून घ्यावं.

एका डोसची कहाणी मजेशीर आहे. भारतात २००९ मध्ये दोन आणि तीन डोसांची तुलना करणारी चाचणी सुरू झाली होती. २०१० मध्ये दुसऱ्याच एका कार्यक्रमावरून वाद पेटला आणि या चाचणीतलं लसीकरणही अर्ध्यात थांबवावं लागलं. सुमारे पाच हजार मुलींना एकच डोस मिळून राहिला. त्यांच्यावर वर्षानुवर्षं लक्ष ठेवलं, तर १६ आणि १८ पासूनचं संरक्षण दोन-तीन डोस घेतलेल्यांइतकंच टिकलेलं दिसलं. ठरवून केला नसता असा प्रयोग अपघाताने झाला. पुढे केनियातल्या रीतसर चाचणीतही एक डोस भक्कम ठरला.

७. मी पस्तिशीची, दोन मुलं आहेत. माझी वेळ गेली का?

पूर्ण गेली नाही, पण फायदा कमी होतो. काही देशांत ४५ व्या वर्षापर्यंत लस घ्यायला मान्यता आहे. एखाद्या प्रकाराची लागण आधी झाली असली तरी बाकीच्या प्रकारांपासून संरक्षण मिळू शकतं. त्यासाठी लशीआधी कुठली तपासणी करावी लागत नाही.

तुमच्या वयात मात्र मी आधी तपासणीचं विचारेन, मग लशीचं. लशीसाठी धडपडायचं आणि तपासणी एकदाही करायची नाही, हा उलटा हिशेब मी वारंवार बघते. पुढचा प्रश्न तुमच्यासाठीच आहे.

८. लस घेतली की पॅप वगैरेची कटकट संपली ना?

संपत नाही. कॅन्सर करणारे सगळेच प्रकार लशीत नसतात, आणि लशीआधी झालेली लागण तिला दिसत नाही. सर्वसाधारणपणे तिशीपासून तपासणी सुरू करावी. पॅपमध्ये पेशी बदलल्या आहेत का ते बघतात, तर एचपीव्ही चाचणीत घातक प्रकार आहे का ते. एचपीव्ही चाचणी स्वच्छ आली तर पुढची पाच ते दहा वर्षांनी केली तरी चालते असं जागतिक आरोग्य संघटना म्हणते.

तपासणीच्या टेबलावर झोपायची लाज हे बायका न येण्याचं मोठं कारण आहे. ज्यांना ते नको वाटतं त्यांच्यासाठी: एचपीव्ही चाचणीचा नमुना मऊ काडीने आपला आपण घेता येतो. पडद्यामागे, उभ्या उभ्या, मिनिटभराचं काम. सोय जवळ आहे का ते जरूर विचारा.

आणि लस घेतलेली असो वा नसो, संबंधानंतर रक्त जाणं, दोन पाळ्यांच्या मध्येच रक्त दिसणं, पाळी गेल्यावर पुन्हा डाग पडणं, घाण वासाचं पाणी जाणं, यांतलं काहीही झालं तर पुढच्या तपासणीची वाट न बघता दाखवा.

९. या लशीने मूल होत नाही असं ऐकलंय. मुली लुळ्या पडल्याचे व्हिडिओही पाहिलेत.

नेहमीचे त्रास आधी. दंड एक-दोन दिवस दुखतो, लाल होतो, सुजतो. काहींना कणकण येते किंवा डोकं दुखतं. टोचल्यावर चक्कर येऊ शकते, किशोरवयीन मुलींना विशेष. म्हणून बसवून टोचायचं आणि पंधरा मिनिटं बसवून ठेवायचं. तीव्र ॲलर्जी लाखो डोसांमागे एखादीला होते. आधीच्या डोसाने किंवा लशीतल्या घटकाने अशी ॲलर्जी झाली असेल तर लस घेऊ नये. काही लशी यीस्टमध्ये तयार होतात, तेव्हा यीस्टची ॲलर्जी असेल तर आधी सांगा.

वंध्यत्वाशी तिचा संबंध आढळलेला नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या लस-सुरक्षा समितीने २०१७ मध्ये आढावा घेतला तेव्हा २७ कोटींहून जास्त डोस वाटले गेले होते. निष्कर्ष: अत्यंत सुरक्षित. उलट बाजू कुणी सांगत नाही ती अशी: कॅन्सरपूर्व बदल झालेला गर्भाशयमुखाचा भाग कापून काढावा लागला तर पुढच्या बाळंतपणात वेळेआधी कळा येण्याचा धोका वाढू शकतो. आई व्हायचं असेल तर ही लस आपल्या बाजूची आहे.

व्हिडिओंचं म्हणाल तर जपानची गोष्ट ऐका. तिथे मुलींना दुखणं, चालता न येणं अशा त्रासाच्या बातम्या पसरल्या आणि जून २०१३ मध्ये सरकारने लशीची शिफारस करणं थांबवलं. लस घेणाऱ्या मुलींचं प्रमाण ७० टक्क्यांच्या आसपास होतं, ते एका टक्क्याच्याही खाली आलं. नागोया शहरात सुमारे तीस हजार तरुणींना त्याच २४ लक्षणांबद्दल विचारलं, तर लस घेतलेल्या आणि न घेतलेल्या दोघींतही ती होती आणि लशीशी नातं जुळलं नाही. मुलींचा त्रास खरा होता, फक्त कारण लस नव्हती. शिफारस पूर्ववत व्हायला एप्रिल २०२२ उजाडला. मधल्या नऊ वर्षांतल्या मुली बिनलशीच्या मोठ्या झाल्या.

आयर्लंडमध्येही असंच झालं, प्रमाण अर्ध्यावर आलं. तिथे लॉरा ब्रेनन ही तरुणी पुढे आली. तिला स्वतःला हा कॅन्सर होता आणि तो बरा होण्यापलीकडे गेला होता. "मुलींना लस द्या" एवढंच ती सांगत राहिली. २०१९ मध्ये, २६ व्या वर्षी ती गेली. प्रमाण पुन्हा चढलं.

१०. पाळी चालू असताना, सर्दी-तापात, गरोदरपणी, बाळ अंगावर पीत असताना चालते का?

पाळीत चालते. साध्या सर्दीत चालते, सडकून ताप असेल तर उतरू द्या. अंगावर पाजत असताना चालते. गरोदरपणी मात्र थांबा आणि बाळंतपणानंतर घ्या. दिवस गेलेत हे माहीत नसताना घेतली गेली असेल तर घाबरू नका. त्यातून बाळाला इजा होते असं दिसलेलं नाही. राहिलेला डोस नंतर.

११. दुसरा डोस सहा महिन्यांनी होता, दीड वर्ष झालं. पहिल्यापासून सुरू?

नाही. राहिलेला डोस घेऊन टाका, पहिला वाया जात नाही. उशिराने बिघडत नाही, घाईने बिघडतं: दोन डोसांच्या वेळापत्रकात पाच महिन्यांच्या आत दुसरा घेतला तर तो पुरेसा धरत नाहीत. पहिल्या वेळची लस मिळत नसेल तर दुसऱ्या कंपनीची चालते.

१२. मला सगळं पटलंय, तरी दोन वर्षं झाली, घेणं झालेलं नाही. असं का होतं?

ही चिठ्ठी मी जपून ठेवली आहे, कारण सगळं दुखणं इथेच आहे. माहिती असणं आणि सुई टोचून घेणं यांच्यामध्ये मोठी दरी आहे. पत्रकं वाटून ती भरत नाही, हे मी पत्रकं वाटूनच शिकले. ऐकलेल्यांपैकी बऱ्याच जणी "घेऊ नंतर" वर थांबतात. रोग समोर दिसत नाही, तारीख ठरलेली नसते, घरात निर्णय कुणी घ्यायचा ते स्पष्ट नसतं, खर्च असतो, आणि मुलीला घेऊन जायचा दिवस कुणाच्याच सुट्टीत बसत नाही.

दोन गोष्टी मात्र कामी येतात. एक, डॉक्टर किंवा नर्स यांनी स्पष्ट सांगणं. "हवी तर घ्या" म्हटलं की बाई घरी जाते. "आज ही घेऊन टाकू या" म्हटलं की बाही वर करते. दुसरी, लस शाळेत येणं. रवांडाने २०११ मध्ये शाळांमधून सुरुवात केली आणि ९० टक्क्यांहून जास्त मुलींपर्यंत पोहोचला. बऱ्याच श्रीमंत देशांना ते जमलेलं नव्हतं. रवांडातल्या आया इतरांपेक्षा जास्त शिकलेल्या होत्या म्हणून नव्हे. त्यांना कुठे जावंच लागलं नाही.

तुमच्यापुरतं सांगायचं तर: लशीबद्दल आणखी वाचू नका. तारीख लिहा आणि सोबत येणारीचं नाव लिहा.

१३. मुलाला पण द्यायची का?

दिली तर चांगलंच. पुरुषांना याच विषाणूने घशाचे, गुदद्वाराचे आणि लिंगाचे कॅन्सर होतात. ऑस्ट्रेलियाने मुलींना २००७ पासून आणि मुलग्यांना २०१३ पासून कार्यक्रमात घेतलं. साठा अपुरा असेल तिथे आधी मुलींना, हे मला योग्य वाटतं.

१४. मी एचआयव्हीसह जगते. मला चालेल का?

चालेल, आणि तुम्हाला तर नक्कीच हवी. एचआयव्ही असलेल्या बाईला गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचा धोका सुमारे सहापट असतो. लस जिवंत नसल्यामुळे (प्रश्न ३) तिची भीती नाही. डोस किमान दोन, शक्य असेल तर तीन. तपासणी तिशीची वाट न बघता पंचविशीपासून, तीन ते पाच वर्षांनी.

१५. माझा एचपीव्ही रिपोर्ट पॉझिटिव्ह आलाय. लशीने जाईल का? आणि नवऱ्याला काय सांगू?

लशीने जाणार नाही, आणि पॉझिटिव्ह म्हणजे कॅन्सर नव्हे. पुढे दुर्बिणीने बघतात, त्याला कोल्पोस्कोपी म्हणतात, किंवा काही काळाने पुन्हा चाचणी करतात. कॅन्सरपूर्व बदल सापडले तर बहुतेक वेळा तेवढाच भाग जाळून, गोठवून किंवा तारेने काढून त्याच दिवशी घरी जाता येतं.

नवऱ्याला सांगायचं ते असं: हा विषाणू वर्षानुवर्षं गप्प बसून राहू शकतो. तो कुणाकडून, कधी आला हे कुठलीच चाचणी सांगत नाही. हा रिपोर्ट चारित्र्याचा दाखला नाही, तुमच्याही नाही आणि त्याच्याही नाही. यावरून घरात भांडणं झालेली मला माहीत आहेत, आणि त्या धास्तीने रिपोर्ट लपवून पुढची तपासणी टाळलेल्या बायकाही. दुसरं जास्त धोक्याचं. सोबत डॉक्टरकडे न्या आणि हे त्यांच्या तोंडून ऐकू द्या.

१६. पिशवी काढलेली आहे. आता काही संबंध नाही ना?

ती का काढली आणि किती काढली त्यावर अवलंबून आहे. काही शस्त्रक्रियांत गर्भाशयमुख तसंच ठेवतात, मग तपासणी चालूच राहते. कॅन्सरपूर्व बदलांसाठी काढली असेल तर योनीच्या वरच्या टोकाचीही तपासणी लागते. शस्त्रक्रियेचा कागद शोधून ठेवा. "काढली" एवढंच सांगितलं तर डॉक्टरलाही अंदाजच करावा लागतो.

१७. मैत्रिणीसाठी विचारते. तिचा पुरुषाशी कधीच संबंध आला नाही, तिची जोडीदार बाईच आहे. तिला हे लागू नाही ना?

लागू आहे. एचपीव्ही त्वचेला त्वचा लागून पसरतो, त्यासाठी पुरुषच हवा असं नाही. कंडोमनेही धोका कमी होतो पण संपत नाही, तो याच कारणाने. "तुम्हाला तपासणीची गरज नाही" असं सांगून अशा बायकांना परत पाठवल्याचं मी ऐकलंय, ते चुकीचं आहे. वयानुसार लस (प्रश्न ४, ७) आणि तपासणी (प्रश्न ८) दोन्ही तिला जशीच्या तशी लागू. नमुना आपला आपण घ्यायची सोय असेल तर कुणाला काही समजावून सांगायचीही गरज पडत नाही. मैत्रिणीला म्हणावं, जोडीदारालाही घेऊन ये.